चौघांचं एकच वकीलपत्र नको

"वकीलबाई, सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, वाळपईत गॅरेजवर कामाला होता. २०२२ च्या मार्चमध्ये गावच्या मैदानावर रात्रीच्या क्रिकेटची फायनल होती. सात-साडेसातला एका रनआऊटवरून दोन वाड्यांतल्या मुलांची जुंपली. मोठ्या माणसांनी सोडवलं, सगळे घरी गेले. साडेदहाच्या सुमारास आमच्या वाड्यावरचे पाच जण तीन दुचाक्यांवरून तिठ्यावर गेले. तिथल्या गाड्यावर समोरच्या संघाचा एक मुलगा मित्राबरोबर ऑम्लेट-पाव खात बसला होता. त्याला मारलं. एकाने लोखंडी पाइप डोक्यात घातला. मुलगा तिसऱ्या दिवशी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) वारला.

पाचांवर खटला चालला. पाचवा सुटला. बाकी चौघांना जन्मठेप झाली, त्यांत माझा भाऊ आरोपी क्रमांक चार. गाडेवाला कोर्टात म्हणाला, हा स्कूटरवरच बसून होता, इंजिन चालू ठेवून. मयत मुलाचा मित्र म्हणाला, ह्याने मागून धरलं. पाइप ह्याने मारला असं कोणीच म्हणत नाही. आई दिवसभर एकच घोकत असते, 'म्हज्या पुतान हात लावंक ना.' मग त्याला आणि पाइप मारणाऱ्याला शिक्षा सारखीच कशी?

आरोपी एकचे काका अपिलाचा सगळा खर्च करायला तयार आहेत. वकील तेच, चौघांचे मिळून. काका म्हणतात, एकत्र राहिलो तर तरू, फुटलो तर सगळेच बुडू. कोणी सांगतं, अपील केलं तर फाशी होईल, नव्या कायद्यात जमावाला फाशीच आहे. कोणी सांगतं, गाडेवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या की तुमचा मुलगा तिथं नव्हताच. कोणी सांगतं गप्प बसा, चौदा वर्षांनी सुटेल. निकाल लागून तेवीस दिवस झाले. शाळेत जाताना रोज त्या मुलाच्या दारावरून जावं लागतं. काय करू?

— एक बहीण"

ताई,

तेवीस दिवस झाले म्हणता, म्हणजे सदतीस उरले. सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस असतात. निकालाची प्रत आरोपीला कोर्टाकडून फुकट मिळते, ती भावाकडे कोलवाळच्या तुरुंगात असेलच. नसेल तर वकिलांकडून आजच मागून घ्या. तुम्ही शिक्षिका आहात, निकाल इंग्रजीत असला तरी वाचू शकाल. पेन्सिल घेऊन बसा. एका दिवसात होणार नाही, दोन संध्याकाळी लागतील.

आता आईचं वाक्य. ते खरं असेल, नसेल. पण अपील त्या वाक्यावर उभं राहणार नाही, हे आधी सांगते. त्याचं कारण भारतीय दंड संहितेचं कलम ३४. (२०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं हेच कलम ३(५) झालं आहे. तुमच्याकडची घटना २०२२ ची, त्यामुळे गुन्ह्याची कलमं जुनीच लागणार.) या कलमाचं सांगणं असं, की अनेकांनी मिळून, सगळ्यांच्या सामाईक इराद्याने एखादं कृत्य केलं, तर ते कृत्य प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखं धरायचं. पाइप एकाच्या हातात असला तरी कायद्याच्या लेखी तो चौघांच्या हातात. म्हणून 'हात कोणी लावला' याला कोर्टात फारशी किंमत उरत नाही. प्रश्न असा पडतो की पाइप डोक्यात बसणार हे चौघांनी मिळून ठरवलं होतं का, निदान त्या क्षणी तरी चौघांच्या मनात ते होतं का.

आणि शिक्षा सारखी का, तर ३०२ मध्ये, म्हणजे खुनाच्या कलमात, जन्मठेपेच्या खाली पायरीच नाही. फाशी किंवा जन्मठेप, बस्स. एकदा '३०२ सह ३४' असं लिहिलं गेलं की न्यायाधीशांना भावाची कितीही दया आली तरी दहा वर्षं देता येत नाहीत. त्यामुळे अपिलात शिक्षा कमी करा अशी विनवणी करून उपयोग नसतो. कलम खाली आणावं लागतं किंवा सुटका मागावी लागते.

तुम्ही लिहिलंय, 'तो नुसता स्कूटरवर बसून होता, इंजिन चालू ठेवून.' ताई, हे वाक्य तुमच्या घरात बचाव म्हणून बोललं जातंय, ते मला पत्रावरून कळतं. सरकारी वकील हेच वाक्य आनंदाने उचलतील. इंजिन चालू का होतं? पळायला. पळायची तयारी का होती? काय होणार ते माहीत होतं म्हणून. १९२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या शंकरीतोला पोस्टात दरोडा पडला, पोस्टमास्तर गोळी लागून मेला. पकडलेल्या तरुणाचं म्हणणं होतं की मी बाहेर अंगणात उभा होतो, भीतीने थरथरत होतो, गोळी मी झाडलीच नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं. तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा कामात प्रत्येकाचा वाटा वेगवेगळा असतो, कोणी मारतो, कोणी पहारा देतो, आणि पहारा हाही वाटाच. शंभर वर्षं झाली, आजही कलम ३४ च्या प्रत्येक युक्तिवादात तो निकाल येतोच. तुमच्या भावाच्या अपिलातही येईल.

पण त्याच प्रिव्ही कौन्सिलचा १९४५ चा दुसरा एक निकाल आहे, तो मला जास्त आवडतो. सिंधू नदीच्या काठावर बोरू कापण्यावरून भांडण झालं. एका माणसाने आरडाओरडा केला, त्याचे दोन नातेवाईक बंदुका घेऊन धावत आले. एकाने गोळी झाडली, समोरचा मेला. दुसऱ्याने, महबूब शाहने, दुसऱ्याच एकावर गोळी झाडली, तो जखमी झाला. गोळीने ठार करणारा फरारी झाला आणि लाहोरच्या हायकोर्टाने फाशी कायम केली ती महबूब शाहची. प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. दोघे धावत आले ते आपल्या माणसाला सोडवायला. दोघांच्या मनात एकसारखं काही होतं म्हणून ते 'सामाईक' होत नाही. सामाईक व्हायला आधी मनं जुळलेली असावी लागतात, आणि ते पुराव्याने दाखवावं लागतं. १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हैदराबाद राज्यातल्या पांडुरंग नावाच्या आरोपीच्या खटल्यात हीच रेघ पुन्हा ठळक केली. एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसावर तिघांनी हल्ला केला तरी तिघांचा इरादा सामाईक होता असं आपोआप होत नाही.

तुमच्या प्रकरणात मला अडचण दिसते ती मधल्या तीन तासांची. साडेसात ते साडेदहा. सिंधूकाठी माणसं ओरडा ऐकून धावली होती. तुमच्याकडे भांडण मिटलं, लोक घरी गेले, कोणाच्या तरी अंगणात पुन्हा जमले, गाड्या काढल्या. त्या तीन तासांत जे बोलणं झालं असेल ते सरकार पक्षाने सिद्ध केलं आहे का, हे निकालात शोधा. फोनचे तपशील दाखल झालेत का? भाऊ बोलणं चालू असताना तिथं होता की नंतर बोलावला गेला? 'चल जरा, तिठ्यावर जाऊन येऊ' एवढ्यावर स्कूटर काढणारी मुलं मी कमी बघितलेली नाहीत. वाईट याचं वाटतं की कोर्टात ती असं कधी सांगतच नाहीत. सांगतात, 'मी तिथं नव्हतोच.'

तुमच्या भावानेही तेच सांगितलं असणार, पैजेवर सांगते. चौघांचा एक वकील असला की आरोपींच्या जबाबात चौघांचं एकच उत्तर येतं: सगळं खोटं, आम्ही घरी होतो. मुळात सर्वांत सोयीचं तेच. पण त्यात चौथ्याचा घात होतो. चौथ्याचा खरा बचाव 'मी होतो, पण मला मारून टाकायचं माहीत नव्हतं' असा असू शकला असता, आणि तो मांडला की पहिल्याच्या डोक्यावर पाइप येतो. एकाच वकिलाला ते करता येत नाही. अपिलात यातून अजून वाट आहे. वकील म्हणतात, 'सरकार पक्षाचं सगळं खरं धरलं तरी माझ्या अशिलाकडून एवढंच झालं.' हे म्हणायला भावाला आपला जुना जबाब गिळावा लागत नाही. मात्र हे म्हणणारा वकील आरोपी एकचा वकील असून चालणार नाही.

मी ज्युनियर असताना, हायकोर्ट अजून पणजीत होतं तेव्हाची गोष्ट. माझे सीनियर तिघा आरोपींच्या वतीने उभे होते, असंच मारहाणीत मृत्यूचं प्रकरण. पहिल्यासाठी त्यांनी सांगितलं, वार एकच आहे, जीव घ्यायचा नव्हता. पंधरा मिनिटांनी तिसऱ्यासाठी सांगायला लागले, वार पहिल्याने केला, माझा अशील दहा पावलं लांब होता. खंडपीठातले एक न्यायमूर्ती पुढे झुकून अगदी सौम्यपणे विचारते झाले, "आत्ता तुम्ही कोणासाठी बोलताय?" सीनियरांच्या हातातला कागद तसाच राहिला. मागच्या बाकावर तिसऱ्याची आई बसली होती, तिला इंग्रजी कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली, साहेब चांगलं बोलतात असं काहीतरी तिला वाटलं असावं. ते हसू मला आजही आठवतं आणि ओशाळायला होतं.

म्हणून काकांचं 'एकत्र राहिलो तर तरू' हे काकांच्या पुतण्याच्या दृष्टीने बरोबर आहे. तुमच्या भावाच्या दृष्टीने नाही. कायद्याने चौघांची मोळी बांधलीच आहे. तुम्ही वकीलपत्रावर सही करून तिला आणखी एक गाठ मारू नका. त्या वकिलांवर माझा राग नाही, त्यांनी खटला मनापासून चालवलाही असेल. तरी भावाचं अपील वेगळं दाखल करा, वेगळ्या वकिलामार्फत. चारही अपिलं एकाच खंडपीठापुढे एकत्रच सुनावणीला येतील, त्यामुळे कोणाशी वैर धरल्यासारखं दिसायचंही कारण नाही.

पैशांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते दिसतं. तुरुंगात असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली फुकट वकील मिळतो. पर्वरीला उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे. भावाने तुरुंगातून अर्ज दिला तरी चालतो, अपीलसुद्धा तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. 'फुकटचा वकील म्हणजे तसाच' असं लोक म्हणतात. मी स्वतः अशी अपिलं चालवली आहेत, जिंकली आहेत आणि हरलेही आहे, पैसे घेऊन चालवलेल्यांसारखीच.

आता पेन्सिल. निकालात तीन जागा मला तुम्ही शोधून हव्या आहेत.

सगळ्यांत आधी, पाचवा सुटला ती जागा. पाच किंवा जास्त माणसं गुन्ह्याच्या उद्देशाने जमली की 'बेकायदेशीर जमाव' होतो आणि कलम १४९ लागतं. ते कलम फार रुंद आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मसालती या उत्तर प्रदेशातल्या प्रकरणात सांगितलं की जमावाचा सदस्य होता एवढं सिद्ध झालं तरी पुरे, प्रत्येकाने काय केलं ते वेगळं दाखवायची गरज नाही. आरोपपत्र पाचांवर, म्हणजे दोषारोप १४९ चा असणार. पाचवा सुटला, उरले चार, आणखी कोणी अनोळखी होता असं कोणाचं म्हणणं नसेल तर १४९ गळून पडतं. तुम्ही चौघांना ३४ खाली शिक्षा झाली असं सांगितलेलं नाही, पण झाली असणार, दुसरा रस्ताच नव्हता. असं कलम बदलायला कायद्याची मनाई नाही. पण १४९ चा पुरावा तसाच्या तसा उचलून ३४ ला लावता येत नाही. १४९ ला जमावात असणं पुरतं, ३४ ला मनं जुळलेली आणि कृतीत वाटा, दोन्ही लागतं. न्यायाधीशांनी ही उडी कोणत्या परिच्छेदात मारली, आणि उडी मारताना भावाचं नाव घेऊन दोन ओळी तरी लिहिल्या आहेत का, ते बघा. 'सबब सर्व आरोपींचा सामाईक इरादा दिसून येतो' एवढंच असेल तर तिथं पेन्सिलीने जाड खूण करा. तुमच्या नव्या वकिलांचा पहिला मुद्दा तोच.

आणि पाचवा का सुटला? समजा दोन्ही साक्षीदारांनी पोलिसांना त्याचं नाव आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सुटला. मग भावाच्या बाबतीत 'मागून धरलं' हे मित्राने पोलिसांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं का? कोर्टात पहिल्यांदाच आलं असेल तर त्याला वकिलांच्या भाषेत ओमिशन म्हणतात. खटल्यात साक्षीदाराला त्याबद्दल विचारलं आणि मग तपास अधिकाऱ्याकडून 'हो, जबाबात हे वाक्य नाही' असं वदवून घेतलं, तरच त्याचा उपयोग. उलटतपासणीच्या शेवटच्या पानांवर ते असतं, कंटाळवाणं दिसतं, लोक गाळून पुढे जातात. तुम्ही गाळू नका. सारख्याच पुराव्यावर एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला शिक्षा द्यायची हे चालत नाही, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या जमावहल्ल्याच्या प्रकरणात सांगितलं आहे, आणि ज्यांनी अपील केलं नव्हतं अशांनाही त्याचा लाभ दिला.

तिसरी जागा डॉक्टरांची साक्ष. शवविच्छेदन अहवालात जखमा किती, कुठे? डोक्यावर एकच आणि बाकी मुका मार हातापायांवर, असं असेल तर चार माणसांनी मिळून जीव घ्यायचं ठरवलं होतं की चोप द्यायचं, हा प्रश्न जिवंत राहतो. चोप द्यायचा सामाईक इरादा असेल आणि त्यातल्या एकाने आपल्या मनाने पाइप काढला, तर इतरांचं कलम ३०२ वरून खाली येऊ शकतं. ३०४ चा दुसरा भाग, सदोष मनुष्यवध, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षं. किंवा ३२५, गंभीर दुखापत, म्हणजे सातपर्यंत. एकाच घटनेत वेगवेगळ्या आरोपींना वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी दोषी धरता येतं, तसं कलमच आहे, ३८. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला, लगेच नाही, यावर फार भिस्त ठेवू नका. घाव जीवघेणा होता असं डॉक्टर म्हणाले असतील तर तीन दिवसांनी काही बदलत नाही. पाइप कुठून आला, हे मात्र महत्त्वाचं. आरोपी एकच्या सीटखालून तिठ्यावर पोचल्यावर निघाला, की निघतानाच हातात होता? गाडेवाल्याच्या साक्षीत हे कुठेतरी असेल. गाड्यावर एकच बल्ब, तिन्ही दुचाक्यांचे दिवे कोणत्या तोंडाला, हेही वाचा.

पाइप डोक्यात बसल्यावर भाऊ काय करत होता? थांबला? ओरडला? त्याच स्कूटरवर मागे कोणाला बसवून घेऊन गेला? निकालात याचं उत्तर वाईट असेल तर तेही खूण करून वकिलांना दाखवा. आपल्या बाजूचं वाईट वकिलाला हायकोर्टात उभं राहिल्यावर कळू नये.

फाशीची भीती सोडा. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात, सरकारने वेगळं अपील केल्याशिवाय, शिक्षा वाढवली जात नाही. जमावाला फाशी म्हणतात ते न्याय संहितेचं कलम १०३(२), ते जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी केलेल्या हत्येसाठी आहे, आणि तिथंही फाशी किंवा जन्मठेप असंच लिहिलंय. रनआऊटच्या भांडणाला ते लागत नाही, २०२२ च्या घटनेला तर नाहीच. चौदा वर्षांचंही तसंच. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय माफीवर सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. सुटेलच असा नाही. तेव्हा गप्प बसण्यात काही शहाणपण नाही. शिवाय पुरावा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला जाण्याची हक्काची जागा हीच. याच्यापुढे दिल्लीला जाता येतं, पण तिथं दार उघडायचं की नाही हे कोर्ट ठरवतं.

गाडेवाल्याच्या दारात कोणालाही जाऊ देऊ नका. खटला संपल्यावर साक्षीदाराने केलेल्या प्रतिज्ञापत्राला हायकोर्ट किंमत देत नाही. उलट कोणी करून घेतलं याची चौकशी लागते आणि शपथेवर खोटं बोलल्याचा साक्षीदारावर वेगळा खटला होऊ शकतो. आणि अजून एक. गाडेवाल्याची साक्ष ही तुमच्या भावासाठी त्यातल्या त्यात बरी साक्ष आहे. 'धरलं' असं तो म्हणत नाही. त्यालाच खोटा पाडायला निघालात तर उरेल तो मित्र.

जामिनाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण अपिलाबरोबरच शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचा अर्ज जातो. जन्मठेपेत तो सहज मिळत नाही. सरकारला लेखी विरोध करायची संधी द्यावी लागते. खटल्याच्या काळात भाऊ जामिनावर होता का, तारखा चुकवल्या का, हे तिथं विचारलं जातं. पहिल्यांदा नाकारला गेला आणि अपील वर्षानुवर्षं सुनावणीलाच आलं नाही तर पुन्हा मागता येतो. अपील ऐकायला जमत नसेल तर माणसाला आत ठेवणं बरोबर नाही, असं सर्वोच्च न्यायालय १९७७ मध्येच म्हणून गेलं आहे. दंड भरला नसेल तर तो भरायची व्यवस्था करा.

त्या मुलाच्या दारावरून रोज जाता. ते तुमचं पत्रातलं शेवटचं वाक्य होतं, आणि माझ्या अंदाजाने खरा प्रश्न तोच होता. दुसरा रस्ता असेल तर धरा म्हणणार नाही, लहान गावात दुसरा रस्ता नसतो. पण आत्ता त्यांच्या घरी जाऊ नका. तुम्ही मनापासून गेलात तरी अपील उभं असताना ते दडपण म्हणूनच वाचलं जाईल, त्यांच्याकडूनही आणि पोलिसांकडूनही. 'मिटवून टाका' म्हणणारे सांगतील. खून हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही, त्यांनी लिहून दिलं तरी नाही. शिवाय त्यांनाही पाचव्याच्या सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क आहे, तो २००९ पासून कायद्यात आहे. पर्वरीच्या त्याच कॉरिडॉरमध्ये ते तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडे बघायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा, तिथं माझा सल्ला चालत नाही. त्यांचा मुलगा वर्गात तुमच्याकडे होता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. प्राथमिक शाळा एकच असेल तर असणार.

पुढच्या मुलाखतीला कोलवाळला जाल तेव्हा भावाला एकच गोष्ट विचारा: पाइप पहिल्यांदा कधी दिसला. गप्पा मारता मारता नको, फोनवर तर मुळीच नको, आणि उत्तर तुमच्यापाशी न ठेवता नव्या वकिलांना सांगू द्या. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, बहिणीला सांगितलेलं नाही. वकीलपत्रावर सही त्याचीच लागते, तुमची चालत नाही. ती तुरुंग अधीक्षकांकडून साक्षांकित करून घ्यावी लागते, त्यात कधी एक दिवस जातो, कधी चार. काकांनी आणलेलं वकीलपत्र तिथं आधीच पोचलं असेल, तर त्यावर सही झालीय का ते आधी विचारून घ्या. झाली असली तरी बदलता येते.